कणकुंबीचा पाऊस, खानापूरचं पाणी: हार्ट अटॅकनंतर रक्ताचा रिपोर्ट काय सांगतो

"ट्रोपोनिन बाराशे आलंय म्हणं. आमचे तात्या वाचतील न्हवं ओ?"

लॅबच्या खिडकीपाशी उभं राहून हा प्रश्न विचारणारी माणसं मी बावीस वर्षं पाहतोय. कुणी जांबोटीहून आलेलं असतं, कुणी नंदगडहून, कुणी लोंढ्याहून रात्रीच्या गाडीनं. डोळ्याला डोळा लागलेला नसतो, हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल असते. दवाखान्याच्या पाट्या कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टरांचं बोलणं घाईचं आणि तीन भाषांत मिसळलेलं, आणि घरात बोलायची भाषा मराठी. एवढ्या वळणांतून गेल्यावर माणसाच्या हाती शेवटी ट्रोपोनिनचा, म्हणजे हृदयाची इजा दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, एक ठळक छापलेला आकडा उरतो. तोच आयुष्याचा निकाल आहे असं समजून घरच्यांचं काळीज बसतं.

मी लॅब टेक्निशियन आहे, डॉक्टर नव्हे. कुठली गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. पण हा आकडा येतो कुठून, त्याच्यावर किती विसंबायचं आणि कुठं थांबायचं, हे आपल्या भाषेत सांगितलं गेलं पाहिजे असं मला फार दिवस वाटत होतं.

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. तिथं रात्री धो धो पाऊस झाला तरी खानापूरच्या घाटावर पाणी लगेच चढत नाही, त्याला वेळ लागतो. वर पाऊस थांबला तरी खाली पाणी चढतच असतं, आणि मग हळूहळू ओसरायला लागतं. किती पायऱ्या बुडाल्या ते बघून जुनी माणसं सांगतात, वर काय झालं असेल. हार्ट अटॅकमधली रक्ततपासणीही अशीच असते. पाऊस पडतो हृदयात आणि पायऱ्या मोजायच्या दंडाच्या शिरेत. ही नदी डोळ्यांसमोर ठेवली तर पुढचं बरंचसं सोपं होईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण इथं चूक झाली तर बाकी सगळं वाचून उपयोग नाही. हार्ट अटॅकची पहिली तपासणी रक्ताची नसते, ईसीजीची असते, आणि तो दवाखान्यात पाऊल ठेवल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा. मोठी रक्तवाहिनी गुठळीनं पूर्ण बंद झाली असेल तर बहुतेक वेळा ते ईसीजीवर दिसतं. तसं दिसलं की रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं, वाहिनी उघडायची असते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रिएट' या भारतातल्या मोठ्या नोंदणीत वीस हजारांहून अधिक रुग्ण होते. त्रास सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोहोचेपर्यंतचा त्यांचा मध्यम वेळ होता ३६० मिनिटं. सहा तास! दवाखान्यात शिरल्यावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळायला मात्र मध्यम वेळ ५० मिनिटंच लागला होता. म्हणजे सगळ्यात जास्त वेळ जातो तो घरात, सोडा पिण्यात आणि सकाळची वाट बघण्यात. कर्नाटकात आता पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेत तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ईसीजी काढून तो मोठ्या हृदयरोग केंद्राकडून वाचून घेण्याची आणि टेनेक्टेप्लेस हे महागडं इंजेक्शन मोफत देण्याची सोय केलेली आहे. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ती चालू आहे का, हे गावातल्या दोन-चार जणांना तरी आधीपासून माहीत हवं.

आता ट्रोपोनिन. हृदयाचा स्नायू आकसतो आणि सैल होतो, त्यावर लक्ष ठेवणारी एक खिट्टी असते, तीन प्रथिनांची मिळून बनलेली. कॅल्शियम येऊन बसलं की खिट्टी सरकते आणि स्नायू आकसतो. हिचा शोध १९६०च्या दशकात जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी लावला, तेव्हा हार्ट अटॅकच्या तपासणीशी तिचा काहीच संबंध नव्हता. पुढं लक्षात आलं की तिघांपैकी 'आय' आणि 'टी' ही दोन प्रथिनं हृदयात जशी असतात तशी हातापायांच्या स्नायूंत नसतात, घडण जराशी वेगळी असते. मग १९८०च्या दशकाच्या शेवटी जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये ह्यूगो काटुस आणि सहकाऱ्यांनी हृदयाचंच 'टी' तेवढं पकडणारी रक्ततपासणी उभी केली.

हा फरक केवढा मोठा ते आधीच्या तपासण्या पाहिल्या की कळतं. १९५४ साली हार्ट अटॅकसाठी पहिल्यांदा जी रक्ततपासणी पुढं आली ती होती एसजीओटी. होय, काविळीच्या रिपोर्टात असते तीच. हृदयाच्या पेशी मेल्या की ती वाढते, पण यकृत बिघडलं तरी वाढते आणि दंडात जोरात मुका मार बसला तरी वाढते. घाटावर गढूळ पाणी दिसावं आणि ते कुठल्या ओढ्याचं हे कळू नये, तशी गत. ट्रोपोनिनमुळं निदान ओढा तरी कळला.

हृदयाच्या पेशी मरायला लागल्या की त्यांच्या भिंती फुटतात आणि ट्रोपोनिन रक्तात येतं. जुन्या पद्धतीच्या तपासणीत ते दिसायला साधारण तीन ते सहा तास लागतात. बारा ते चोवीस तासांच्या सुमारास ते कळसाला पोहोचतं आणि मग आठवडाभर, कधी दोन आठवडेही, रक्तात रेंगाळतं. हे वेळेचं गणित माझ्याच घरात चुकलं होतं.

मामा जांबोटीकडचे. रोप लावणीचे दिवस, दिवसभर चिखलात वाकून काम. संध्याकाळी म्हणाले, "छातीत भरून आल्यागत होऊलालंय." मामींनी जवळच्या एका दवाखान्यात नेलं. त्रास सुरू होऊन तासही झाला नव्हता. तिथं कार्डावर रक्ताचा थेंब टाकून करायची ट्रोपोनिन तपासणी झाली, एकच रेघ आली, "निगेटिव्ह आहे, गॅस असेल" म्हणून घरी पाठवलं. ईसीजी काढला नाही आणि तीन तासांनी परत या असंही कुणी सांगितलं नाही. पहाटे घाम फुटला, कळ जबड्यापर्यंत गेली. तालुक्याला नेलं तेव्हा ईसीजीवर सगळं उघड दिसत होतं. इंजेक्शन देऊन बेळगावला हलवलं, आणि त्यांचं सँपल त्या दिवशी माझ्याच टेबलावर आलं. कार्ड खोटं बोललं नव्हतं. कणकुंबीत पाऊस पडत होता आणि कुणीतरी खानापूरच्या घाटावर जाऊन पायऱ्या कोरड्या आहेत एवढंच बघून आलं होतं.

म्हणून आता ट्रोपोनिन एकदा करून भागत नाही. अतिसंवेदनशील, म्हणजे हाय सेन्सिटिव्हिटी म्हणतात ती तपासणी असेल तर एक, दोन किंवा तीन तासांनी दुसरं सँपल घेतात. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातला फरक बघतात, पाणी चढतंय की जागच्या जागी आहे. निरोगी माणसांच्या मोठ्या गटात शंभरातल्या नव्व्याण्णवांचा आकडा जिच्या खाली असतो ती रेघ मर्यादा धरतात, आणि त्या रेघेच्या वर जाऊन आकडा हलतही असेल तर हृदयाला ताजी इजा झाली असं मानतात. किडनीचा जुना आजार असलेल्यांचं ट्रोपोनिन कायमच थोडं वर असतं. ते सौंदत्तीजवळच्या नवीलुतीर्थ धरणाच्या फुगवट्यासारखं समजा, वर पाऊस नसला तरी पाणी उंच. तिथं नुसती पातळी बघून उपयोग नाही, ती हलते का ते बघावं लागतं. फुफ्फुसात गुठळी अडकली, रक्तात जंतुसंसर्ग पसरला, हृदयाच्या स्नायूला सूज आली तरी ट्रोपोनिन वाढतं. ही हृदयाला झालेली खरी इजाच असते, पण तो वाहिनीत गुठळी होऊन आलेला हार्ट अटॅक नसतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

मग बाराशे म्हणजे जास्त की कमी? इथं माझ्या टेबलावरचा अनुभव सांगतो. एका लॅबचा रिपोर्ट नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये असतो, दुसरीचा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये, आणि दोन्हींत हजारपटीचा फरक असतो. एकीकडचे १४ आणि दुसरीकडचे ०.०१४ हे अगदी सारखे. शिवाय 'आय' आणि 'टी' यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. 'आय'चेही दोन कंपन्यांच्या मशिनांवरचे आकडे जुळत नाहीत, कारण ट्रोपोनिन पकडायला वापरलेली प्रत्येकाची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) निराळी. तालुक्यातला रिपोर्ट आणि बेळगावातला रिपोर्ट शेजारी ठेवून "एक पूर्णांक दोनवरून बाराशेवर गेलं!" म्हणून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. तिथं काहीच वाढलेलं नव्हतं, एकक बदललं होतं. एक छोटी गोष्ट जाता जाता: केसांसाठी बायोटिनच्या जास्त डोसच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये काही मशिनांवर ट्रोपोनिन खोटं कमी दिसू शकतं. अशी गोळी चालू असेल तर रक्त देतानाच सांगावं.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. आकडा मोठा म्हणजे माणूस जायच्या वाटेवर आहे का?

ढोबळमानानं खरं आहे की ट्रोपोनिनचा कळस जितका उंच तितका मेलेला स्नायू जास्त, आणि जितका स्नायू जास्त मेला तितका पुढचा धोका मोठा. पण यात एक मेख आहे. अँजिओप्लास्टी करून किंवा इंजेक्शननं वाहिनी मोकळी झाली की अडकलेलं ट्रोपोनिन एकदम रक्तात धुऊन येतं आणि आकडा झपाट्यानं वर जातो. नाल्यातला बांध काढल्यावर गाळाचा लोंढा यावा तसं. स्टेंट टाकल्यानंतर आकडा वाढला म्हणून स्टेंट टाकणाऱ्यावर चिडलेले नातेवाईक मला आठवतात. पुष्कळदा ती वाढ वाट मोकळी झाल्याची खूण असते.

आणि ट्रोपोनिन सांगतं ते फक्त मेलेल्या पेशींबद्दल. जे हृदय मागं उरलं ते आता कसं निभावतंय, हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी दुसरी तपासणी आहे, बीएनपी किंवा तिचंच भावंड एनटी-प्रोबीएनपी. माझ्या मते घरच्यांनी जास्त लक्ष द्यावं ते या आकड्याकडं, आणि नेमकं त्याच्याबद्दलच कुणी विचारत नाही.

बीएनपीतला 'बी' म्हणजे ब्रेन. रिपोर्टात ते नाव वाचून "मेंदूला काय झालं?" असं विचारत धावत आलेल्या एक आक्का मला अजून आठवतात. मेंदूला काही झालेलं नसतं. जपानी शास्त्रज्ञांना १९८८ साली हा पदार्थ पहिल्यांदा डुकराच्या मेंदूत सापडला म्हणून ते नाव चिकटलं. माणसात तो मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत तयार होतो. स्नायू ताणला गेला, आत रक्त तुंबायला लागलं की जिवंत पेशी तो सोडतात. तो किडनीला सांगतो, पाणी आणि मीठ बाहेर टाका, आणि रक्तवाहिन्यांना सांगतो, सैल व्हा, माझ्यावरचं ओझं हलकं करा. चढावर गाडी ओढताना बैल धापा टाकतो ना, तसंच. ट्रोपोनिन पडझड मोजतं, बीएनपी धाप मोजतं. हार्ट अटॅकनंतर हा आकडा चढा राहिलेल्या रुग्णांमध्ये पुढं हार्ट फेल्युअर (हृदयाला पुरेसं रक्त पुढं ढकलता न येणं) होण्याचा आणि मृत्यूचा धोका जास्त असतो, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

यालाही वय आणि अंगकाठी विचारात घ्यावी लागते. धाप लागून आलेल्या माणसाचं एनटी-प्रोबीएनपी ३०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर अचानक उद्भवलेलं हार्ट फेल्युअर बहुतेक नाहीच म्हणतात. ते आहे असं म्हणायला मात्र पन्नाशीच्या आत ४५०, पन्नास ते पंच्याहत्तर ९०० आणि त्यापुढं १,८०० अशा चढत्या पायऱ्या आहेत. लठ्ठ माणसात आकडा कमी येतो, किडनी थकलेली असेल तर जास्त. तुलना करायची तर शेजारच्या खाटेवरच्या पेशंटशी करू नये, त्याच माणसाच्या आधीच्या आकड्याशी करावी.

बाकीच्या काही तपासण्या साध्या आणि स्वस्त आहेत, पण भाकितात त्यांचं वजन मोठं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर किडनी आधीच थकलेली आहे, किंवा हृदय पुरेसं रक्त पुढं ढकलत नाही म्हणून तिची उपासमार होतेय. अँजिओग्राफीत वापरायचा डायही तिच्याच वाटेनं बाहेर पडतो, म्हणून डॉक्टर आधी हा आकडा बघतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधीच अर्धमेल्या स्नायूला ऑक्सिजनही कमी. दाखल होताना साखर चढलेली असणं हे मधुमेह नसलेल्यांतही वाईट लक्षण मानतात, कारण शरीरावर केवढा ताण आलाय ते त्यातून दिसतं. साखर जुनी की ताणाची, हे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी सांगतं.

सीआरपीची गोष्ट मला स्वतःला फार भावते. १९३० साली न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलेलं हे प्रथिन यकृतात बनतं आणि शरीरात कुठंही दाह पेटला की वाढतं. हार्ट अटॅकनंतर मेलेल्या पेशी साफ करायला पांढऱ्या पेशींची फौज येते, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सीआरपी वर जातं. साफसफाई हवीच, पण ती आवरली नाही तर शेजारचा चांगला स्नायूही त्यात होरपळतो. प्रश्न असा होता की दाह ही नुसती खूण आहे की स्वतःच दोषी आहे? २०१७ साली 'कँटोस' या चाचणीत त्याचं उत्तर मिळालं. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढं असलेल्या दहा हजारांवर लोकांपैकी काहींना दाह दाबणारं कॅनाकिनुमॅब हे औषध दिलं. कोलेस्टेरॉल तसूभरही बदललं नाही, तरी १५० मिलिग्रॅमच्या गटात हार्ट अटॅक, लकवा आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटलं. म्हणजे दाह खरोखर दोषी होता. पण त्या औषधानं जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग वाढले, त्यामुळं ते हृदयरोगासाठी सर्रास वापरात आलं नाही.

हे सगळे आकडे डॉक्टर एकत्र कसे बघतात? त्यासाठी 'ग्रेस' नावाचा हिशेब आहे. त्यात आठ गोष्टी मोजतात: वय, नाडीचा वेग, वरचं बीपी, क्रिएटिनिन, फुफ्फुसात पाणी साचल्याची लक्षणं, दाखल होताना हृदय बंद पडलं होतं का, ईसीजीतला एक विशिष्ट बदल आणि ट्रोपोनिनसारखे मार्कर वाढलेत का. आठांतल्या दोनच गोष्टी रक्तातल्या. उरलेल्या सहांसाठी घड्याळ, बीपीचा पट्टा, स्टेथोस्कोप, ईसीजी आणि नीट विचारपूस पुरते. २००३ साली अकरा हजारांवर रुग्णांवरून हा हिशेब बसवला. एक दगावलेला आणि एक वाचलेला अशी जोडी समोर ठेवली तर जास्त धोका कुणाला होता, हे तो शंभरातल्या सुमारे ८३ जोड्यांत बरोबर ओळखत होता. नाणं उडवून ओळखलं असतं तर पन्नास. जीडीएफ-१५, एसटी२, गॅलेक्टिन-३, कोपेप्टिन अशी नव्या रक्ततपासण्यांची नावं रोज कानावर येतात. त्यांना माझा एकच प्रश्न असतो: या साध्या आठ गोष्टींच्या वर तुम्ही काय जास्त सांगता? काहींकडं थोडं उत्तर आहे, पण पेशंटच्या खिशातून पैसे काढावेत इतकं मला अजून वाटत नाही.

ईसीजीवर वाहिनी पूर्ण बंद दिसत नाही अशा अटॅकमध्ये ग्रेसचे गुण १४० च्या वर गेले तर दवाखान्यातच मृत्यू येण्याचा धोका ३ टक्क्यांहून अधिक, आणि १०८ पर्यंत असतील तर १ टक्क्याहून कमी, अशी विभागणी आहे. हे नीट बघा. 'जास्त धोका' या खान्यात टाकलेल्यांतलेही बहुतेक जण घरी जातात. हा हिशेब माणसाचं कपाळ वाचत नाही. दहा जण रांगेत असतील तर अँजिओग्राफीला आधी कुणाला घ्यायचं, चोवीस तासांच्या आत कुणाला घ्यायलाच हवं, आयसीयूची खाट कुणाला, हे त्यावरून ठरतं. "वाचतील न्हवं?" याऐवजी "यांना धोका जास्त आहे म्हणता, तर त्यासाठी आता काय लवकर करणार?" असं डॉक्टरांना विचारा. त्याचं उत्तर त्यांच्याकडं असतं.

एक आकडा मात्र या अटॅकचा नसून पुढच्याचा असतो. एलडीएल कोलेस्टेरॉल अटॅकनंतरच्या दिवसांत आपोआप उतरतं, त्यामुळं ते पहिल्या चोवीस तासांत मोजलेलं बरं, नाहीतर खोटा दिलासा मिळतो. युरोपच्या हृदयरोग संघटनेनं २०१९ पासून अटॅक येऊन गेलेल्यांसाठी एलडीएल ५५ मिलिग्रॅमच्या खाली ठेवायला सांगितलं आहे. रिपोर्टाच्या 'नॉर्मल'च्या रकान्यात त्याहून मोठा आकडा छापलेला असतो. तो रकाना बघून गोळी बंद करणारे निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत सगळीकडं आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या खिशात तंबाखूची पुडीही असते. चघळायची तंबाखूही हार्ट अटॅकचा धोका वाढवते, आणि ती कुठल्याच रिपोर्टात छापून येत नाही.

दवाखान्यात कुणाला घेऊन गेलात तर फाइलच्या पहिल्या पानावर आपल्या मराठीत तीन गोष्टी लिहून ठेवा: कळ किती वाजता सुरू झाली, प्रत्येक सँपल किती वाजता आणि कुठल्या लॅबनं घेतलं, आणि आकड्यापुढं एकक काय होतं. ड्युटीवरचे डॉक्टर दर आठ तासांनी बदलतात, ते पान बदलत नाही.

मामा वाचले. हृदयाचा एक कोपरा मात्र कायमचा गेला. घरी सोडताना एनटी-प्रोबीएनपी ३,८०० होतं, तीन महिन्यांनी त्याच मशिनवर मी केलं तेव्हा ९४० आलं. आकडा सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे पाणी ओसरूलालंय म्हण की." मी हो म्हणालो, आणि त्यांच्या लिपोप्रोटीन(ए)चा कागद पुढं ठेवला. हे कोलेस्टेरॉलचं असं भावंड आहे की त्याची पातळी जवळजवळ सगळी आईबापाकडून येते, पथ्यानं फारशी हलत नाही आणि आयुष्यात एकदा मोजली तरी बहुधा पुरते. ५० मिलिग्रॅमच्या वर धोक्याची मानतात. मामांची ९० च्या पुढं होती. त्यांचा मुलगा त्यांना गाडीवरून घेऊन आला होता, वय एकतीस, बाहेर बाकड्यावर मोबाइल बघत बसलेला. त्याला आत बोलावलं, मामांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि दंडाला पट्टा बांधला.